घरटी एक मत

परवा सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भोंग्याची पहिली रिक्षा आली. उमेदवारांची नावं अजून धड ठरलेली नाहीत, पण रिक्षा आली. भोंगा आधी नुसताच खाकरला आणि मग 'आपला माणूस, हक्काचा माणूस' असं सुरू झालं. तो माणूस नेमका कोण, हे तो भोंग्यातला आवाज सांगेना. बहुतेक त्यालाही वरून कळायचं असावं. समोरच्या घरातल्या बाईने वाळत घातलेल्या पापडांवर धूळ बसू नये म्हणून लुगडं ओढलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. 'आले बघा,' ती म्हणाली.

आमच्याकडे निवडणूक हाही एक ऋतूच आहे. त्याला स्वतःचा वास आहे. नव्या फ्लेक्सचा उग्र वास, प्रचार कार्यालयासमोरच्या कढईतल्या तेलाचा वास, आणि खाली कायमचा असतो तो खाडीचा वास. माझ्या डोक्यात मात्र निवडणूक म्हटलं की एकच हंगाम येतो, काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यातला. तेव्हा दिल्लीची, म्हणजे लोकसभेची निवडणूक होती. दारोदार सुकट वाळत होती, नाक्यावर ताडगोळेवाल्याभोवती माश्या घोंघावत होत्या, आणि अख्ख्या गावाच्या तोंडी एकच शब्द होता, घुसखोर.

गाव म्हणजे कोलशेतच्या बाजूचं, खाडीच्या अंगाचं आमचं जुनं गाव. एके काळी इथे मिठागरं होती आणि भातशेती होती. आता इमारतींच्या सावल्यांत दबलेली चार-पाच आळ्यांची वस्ती उरली आहे. प्रत्येक घरामागे भाड्याच्या खोल्यांची चाळ आहे. शेत गेलं, मीठ गेलं, खोल्या उरल्या. खोल्यांनीच आमची चूल पेटते आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी या गावची सून. माहेर डोंबिवलीचं. माझे बाबा रत्नागिरीकडून पत्र्याची ट्रंक घेऊन आलेले, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात चिकटलेले. म्हणजे मी मुळात बाहेरून आलेल्याची मुलगी, आणि लग्नानंतर पुन्हा बाहेरून आलेली सून. इतकी वर्षं झाली तरी गावात माझं नाव 'डोंबिवलीवाली' असंच आहे. सुरुवातीला राग यायचा. आता त्या नावाने हाक मारली की मी ओ देते.

हे सांगते कशासाठी, तर बाहेरच्या माणसाबद्दल माझं मन सरळ नाही, त्याला दोन पदर आहेत. बिहारहून, बंगालहून, आमच्या घाटावरून कोणी पोट भरायला इथे आला तर तो माझ्या बाबांसारखाच. त्याला नावं ठेवायची तर मला आधी माझ्या बाबांच्या ट्रंकेला नावं ठेवावी लागतील. पण देशाची सीमा चोरून ओलांडून जो येतो, खोट्या नावाने राहतो, त्याच्याबद्दल मी डोळे मिटून घेणार नाही. कोणी मला कोत्या मनाची म्हणालं तर म्हणू दे. घराला दार असतं ते आत कोण आलं हे घरच्यांना कळावं म्हणून. 'सार्वभौम' हा शब्द आम्ही शाळेत नागरिकशास्त्रात गुणांसाठी घोकला. मला तो पुढे कळला तो असा. आपल्या देशात कोण राहतं हे ठरवायचा अधिकार आपल्या देशाचा, आणि तो त्याने वापरलाच पाहिजे.

म्हणून माझे यजमान गेल्यावर चाळीचा कारभार माझ्याकडे आला तेव्हा मी पहिलं काम केलं ते हेच. प्रत्येक भाडेकरूची कागदपत्रं घेतली आणि पोलीस ठाण्यात जाऊन नोंद केली. तिथल्या हवालदाराने माझ्याकडे नवलाने पाहिलं. 'मॅडम, तुमच्या गावातून तुम्ही पहिल्याच,' तो म्हणाला. मग चहा मागवला.

शेवटच्या खोलीत मोईदुल आणि त्याची बायको राहायचे. बंगालातल्या मालदाहून आलेले. तो इमारतींमध्ये लाद्या बसवायचा. त्याचे कागद तर मी दोनदा तपासून घेतले, खोटं कशाला बोलू. ठाण्यातून तिकडे मालदाला विचारणा गेली आणि बऱ्याच दिवसांनी 'ठीक आहे' असं उत्तर आलं. ते त्याला सांगायला मी गेले तर हा माणूस दारातच बसला. 'भाभी, आपने पूछा, अच्छा किया,' तो म्हणाला. 'एक बार ठीक से पूछ लिया, तो रोज का डर गया.' मला वाटलं होतं तो दुखावला असेल. चौकशी न होणं ही त्याला सवलत वाटत नव्हती, टांगती तलवार वाटत होती, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मात्र गावातल्या तरण्या पोरांना स्फुरण चढलं. मोबाइलवर सारखं काही ना काही यायचं. अमक्या ठिकाणी इतके सापडले, तमक्या ठिकाणी तितके. एका संध्याकाळी मी पाणी भरत होते तर मागे गलका. जाऊन पाहते तर आठ-दहा पोरं मोईदुलच्या दारात उभी, आणि 'कागद दाखव' म्हणून दटावतायत. त्याची बायको कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. पोरांमध्ये माझा पुतण्या बंटी सगळ्यांत पुढे.

'बंट्या, काय चाललंय?'

'काकी, तू मधी पडू नको. देशाचा मॅटर हाय.'

'देशाचा मॅटर आहे म्हणूनच पडते. ह्याचे कागद मी बघितले, पोलिसांनी बघितले. तू कोण लागून गेलास?'

'आम्ही गावचे हाव.'

'गावचा आहेस ना? मग तुझ्या बापाच्या चाळीत कोण राहतं ते सांग. एकाचं तरी नाव सांग.'

बंटीने मोबाइल खिशात घातला. त्याच्या बापाची, म्हणजे नारायण भाऊजींची, चाळ गावात सगळ्यांत मोठी. भाडं रोख, नोंद शून्य. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही आमच्याकडची जुनी रीत. पोरं पांगली. मी परत पाणी भरायला गेले. भीती होती, पण त्याहून जास्त राग होता. दारोदार जाऊन 'तू कुठला' विचारायचा अधिकार आठ-दहा पोरांनी घेतला, तर मग देशाचं राज्य राहिलं कुठे? ते तर गल्लीचं राज्य झालं. मला सीमा हवी आहे, ती राखणारं सरकार हवं आहे, आणि म्हणूनच मला ती पोरं दारात नको आहेत.

दोन दिवसांनी गावकी बसणार असल्याचं कळलं. उमेदवार स्वतः येणार होता.

आमच्या गावकीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. निवडणुकीआधी गावदेवीच्या देवळासमोर गाव जमतं. घरटी एक माणूस. माणूस म्हणजे पुरुष, हे निराळं सांगावं लागत नाही. चर्चा होते, गाव कोणाला मत देणार ते ठरतं, मग सगळे नारळाला हात लावून देवीसमोर शब्द देतात. तो नारळ फोडून त्याचा वाटा घरोघर जातो. ज्या घरात पुरुष नाही त्या घराची सतरंजीवरची जागा रिकामी राहते, पण वाटा चुकत नाही. शेजारची कोणी सून पानात खोबऱ्याचा तुकडा आणून देते आणि बरोबर चिन्हाचं नाव सांगते. यजमान गेल्यापासून आमच्या घरी तसाच वाटा येत होता. सासूबाई तो कपाळाला लावून तोंडात टाकायच्या आणि मतदानाच्या दिवशी जाऊन ते बटण दाबून यायच्या.

मी मागच्या वेळी ते खोबरं कालवणात वाटून टाकलं होतं. पण आता मला तो वाटा पुरेसा वाटेना. चाळ माझी, कर मी भरते, भाडेकरूच्या दारात पोरं आली तर उभी मी राहते, आणि घराचं मत काय ते मला पानातून कळणार? दिल्लीत आपलं कोणी ऐकत नाही म्हणून सगळं गाव कण्हतं. माझं तर माझ्या आळीतच कोणी ऐकत नव्हतं. मी ठरवलं, आमच्या घराच्या जागेवर मी बसणार.

सासूबाईंना सांगितलं तर त्या सुकट निवडायची थांबल्या.

'नको गो जाऊ. बायका नाय बसत तिथं.'

'का नाही बसत?'

'का म्हंजे? कवाच नाय बसल्या.'

'मग घराच्या वतीने कोण बोलणार?'

त्यांनी सुकट पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाल्या, 'घराला नावा ठेवतील.' त्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी त्यांच्या पाया पडून निघाले. पाया मी सणावारी सोडून कधी पडत नाही.

आजही देवळासमोरून जाताना मला ती संध्याकाळ अंगावर येते. दुपारभर तापलेली फरशी चपला काढल्यावर तळव्यांना चटका देत होती. पुरुष सतरंज्यांवर बसलेले. बायका नेहमीप्रमाणे बाजूच्या विहिरीच्या कठड्याशी. मी सरळ आत गेले आणि आमच्या घराच्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसले. कुजबुज झाली. कोणीतरी मुद्दाम खाकरलं. नारायण भाऊजी गावकीचे पुढारी, माझ्या यजमानांचे थोरले चुलत भाऊ. माणूस वाईट नाही. यजमानांच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात बसलेले तेच. ते माझ्याकडे बघत राहिले.

'वसुधा, काकीची तब्येत बरी नाय काय?' त्यांनी सासूबाईंचं विचारलं.

'बरी आहे. घरातून कोणीतरी यायला हवं, म्हणून मी आले.'

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. माझ्या सुदैवाने तेवढ्यात उमेदवाराच्या गाड्या आल्या आणि मला उठवायचं राहून गेलं.

उमेदवार आधी नारायण भाऊजींच्या गळ्यात पडला, मग देवीच्या पाया पडला, मग बोलायला लागला. भूमिपुत्र, मिठागरं, बापजाद्यांची जमीन, सगळं झालं. मग आवाज चढवून म्हणाला, 'एकेका घुसखोराला शोधून बाहेर काढू!' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाक्य माझ्याही मनातलं होतं. मग नारायण भाऊजी नारळ घेऊन उभे राहिले. म्हणाले, 'पयले आपल्याला विचारायचे. आता टावरच्या एका लिफ्टीत आपला गाव मावतो. सुटी मता कोन मोजणार? एकगठ्ठा दिली तरच आपला आवाज. म्हून गाव आज शबूद देतो.'

त्यांचं दुःख खरं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. जिथे एके काळी त्यांच्या बापाला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं, तिथे आता त्यांना स्वतःच्या खाडीवर जायला इमारतीच्या रखवालदाराला नाव सांगावं लागतं. पण मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर पुन्हा पानातला वाटाच माझ्या नशिबी. मी उभी राहिले.

'मला साहेबांना एक विचारायचंय.' माझा आवाज मलाच परका वाटला. 'तुम्ही दिल्लीला जाणार. सीमा राखणं तिथलं काम. ती ओलांडून माणूस आत येतोच कसा, आणि खोटे कागद त्याला देतं कोण, हे तुम्ही तिथे उभं राहून विचाराल का? इथल्या खोल्यांचं आम्ही बघू.'

उमेदवार हसला. 'ताई, फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात,' म्हणाला, आणि त्याने शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्याने घड्याळाकडे पाहिलं. विचारेन असंही उमेदवार म्हणाला नाही आणि विचारणार नाही असंही नाही.

'आणि आता आपलं,' मी गावाकडे वळले. 'खोल्यांच्या किल्ल्या आपल्या कनवटीला आहेत. नोंद आपण करत नाही. रोख भाडं घ्यायचं आणि संध्याकाळी घुसखोर घुसखोर म्हणून ओरडायचं, ह्याला काय अर्थ आहे? नारळ हातात आहेच. आधी हा शब्द देऊ, की पोलिसांत नोंद केल्याशिवाय गावात कोणी खोली देणार नाही. पोरंही कोणाच्या दारात जाणार नाहीत.'

मग विहिरीच्या कठड्यावरून कोणीतरी म्हातारी खुदकन हसली आणि तिच्या मागोमाग सगळ्या बायका. नारायण भाऊजींची पुरती कोंडी झाली. समोर उमेदवार, पाठीशी देवी, हातात नारळ. नाही कसं म्हणणार? 'हां, मंग, बरोबर हाय,' ते कसेबसे म्हणाले. बसलेल्यांनी एकेक करून नारळाला हात लावला. मला पक्कं वाटतं, प्रत्येक जण मनात शेजाऱ्याच्या चाळीचा विचार करत होता. शपथ आपल्यालाही लागू होते, हे त्यांना बहुतेक घरी जाऊन बायकांनी सांगितलं.

मग मताचा शब्द आला. नारळ फिरत फिरत माझ्यापाशी पोहोचला. मी हात मागे घेतला.

'आता काय जाला?' नारायण भाऊजी.

'खोल्यांचा शब्द दिला, तो पाळीन. मताचा देणार नाही. ते सांगायचं नसतं, भाऊजी. देवीलाही.'

'म्हंजे गाव फोडणार तू.'

'गावाशी माझं काही वाकडं नाही. पण माझं मत गठ्ठ्यात नाही.'

नारळ पुढे गेला. त्या दिवशी आमच्या घरी वाटा आला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात आमच्या गावच्या मालकांची रांग लागली. देवीची शपथ मोडायची कोणाची छाती नव्हती. हवालदाराने मला फोन केला. 'मॅडम, तुम्ही काय केलंत? चहा संपला आमचा.' बहुतेक भाडेकरूंचे कागद सरळ निघाले. पण नारायण भाऊजींच्या चाळीतली दोन बिऱ्हाडं नोंदीची गोष्ट निघताच गायब झाली. कुठून आली होती, कुठे गेली, आजतागायत कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या कोंबड्या मागे राहिल्या, त्या बंटीच्या आईने सांभाळल्या. ती माणसं परकी होती की नुसती घाबरलेली, हे मी सांगू शकत नाही. पण इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसांचं खरं नावही गावाला ठाऊक नसावं, याची मला तेव्हा भीती वाटली, आणि अजून वाटते. त्या बिऱ्हाडातली एक बाई मला येता-जाता हसायची. तिचीही आठवण येते. दोन्ही खरं आहे आणि त्यातलं एक खोडून टाकायला मी तयार नाही.

नारायण भाऊजी तो पूर्ण उन्हाळा माझ्याशी बोलले नाहीत. हळदीची, लग्नाची बोलावणी आली ती फक्त सासूबाईंच्या नावाने. बाजारात ओळखीच्या बायका भाजी निवडण्यात एकदम गढून जायच्या. डोंबिवलीला आईकडे गेले तर ती म्हणाली, 'अगं, कशाला उगाच नसती उठाठेव? आपण चार भिंतींत सुखी.' मी तिला म्हटलं, चार भिंतींपैकी एक तरी आपल्याला विचारून बांधलेली असावी ना. आईने आमरस वाढला आणि विषय बदलला.

आता परवाच्या रिक्षेनंतर पुन्हा गावकी बसेल. अजूनही घरटी एकच माणूस धरतात. मी जाऊन बसते. मला कोणी बोलावत नाही आणि आता कोणी उठवतही नाही. गेल्या खेपेला बंटीने माझ्यासाठी सतरंजीवर सरकून जागा केली. माझे प्रश्न तेच आहेत. सीमेचं काय केलंत, खोट्या कागदांचं काय केलंत, आणि निवडून गेल्यावर पाच वर्षं आमच्या आळीत का आला नाहीत? उत्तरं मिळाली नाहीत म्हणून प्रश्न शिळे होत नाहीत. मी विचारत राहणार.

सासूबाई आता नाहीत. त्यांचं ते शेवटचंच मतदान ठरलं, म्हणून ते सांगून थांबते.

आदल्या दुपारी त्या मला म्हणाल्या, 'वाटा तर नाय आला. मंग मी कंचा बटण दाबू?'

'मी नाही सांगणार, आई.'

त्या चिडल्या. 'दादला व्हता तवा त्यो सांगायचा. मंग पोरगा सांगायचा. मंग वाटा यायचा. आता तू पन नाय सांगत. मंग मना सांगल कोन?'

'तुम्हाला काय हवंय ते तुम्ही बघा ना.'

'मना?' असं म्हणून त्या बघतच राहिल्या. मग बोलायला लागल्या, आणि दुपारभर थांबल्या नाहीत. खाडीचा बांध फुटलाय तो कोणी बांधत नाही. मसणवटीची वाट इमारतवाल्याने अडवली, मग मेल्यावर मला कुठून नेणार? सरकारी दवाखान्यात बाईमाणसाला बसायला बाकडं नाही. पोरं रिकामी फिरतात आणि लोकांच्या दारात जातात, त्यांना कामधंदा द्या. आणि कोण कुठला ते बघायचं तर सरकारने बघावं, पण त्या मालदावाल्याच्या बायकोला रडवू नये, ती माझे पाय चेपते. एवढं सगळं त्यांच्या पोटात होतं आणि इतक्या निवडणुकांत ते कोणी विचारलंच नव्हतं. त्यात मीही आले.

मतदान महापालिकेच्या शाळेत होतं. फाटकाबाहेर नारायण भाऊजी चिठ्ठ्यांचं टेबल लावून बसले होते. 'काकी, माईत हाय ना?' त्यांनी विचारलं. सासूबाईंनी मान हलवली, हो की नाही ते कळेल अशी नाही. आत बोटाला शाई लागली. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. मी रांगेत त्यांच्या मागेच होते. यंत्राचा आवाज येईना. रांग चुळबुळायला लागली. टेबलाशी बसलेला अधिकारी म्हणाला, 'आजी, बटण दाबा.'

'थांब रे,' आडोशामागून आवाज आला. 'पयल्यांदाच इचार करतंय.'

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. आणि आम्ही सगळे थांबलो.